छत्री बसवल्यानंतर ठोके चुकतात : दोष छत्रीचा की जुन्या छिद्राचा?

कोयनाकाठ (कराड)
नमस्कार मंडळी. माझ्या पत्नीचे वय ४४ आहे. गेल्या वर्षी जिना चढताना धाप लागते म्हणून टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला, तेव्हा हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला २२ मिलिमीटरचे छिद्र, म्हणजे एएसडी, असल्याचे आम्हाला प्रथमच समजले. दिवाळीनंतर पुण्यात मांडीच्या शिरेतून कॅथेटर (बारीक नळी) घालून छत्री, म्हणजे छिद्र बंद करणारे छत्रीसारखे उघडणारे उपकरण, बसवण्यात आली. छाती उघडावी लागली नाही, दोन दिवसांत घरी सोडले आणि धापही कमी झाली.

संक्रांतीच्या आधीपासून मात्र रात्री अंथरुणाला पाठ टेकली की तिला ठोका चुकल्यासारखा वाटतो आणि मग थोडा वेळ छातीत फडफड होते. होल्टर, म्हणजे दिवस-रात्र ठोके नोंदवणारे छोटे यंत्र, लावून पाहिले. अहवालात ‘वारंवार एट्रियल एक्टोपिक ठोके, अल्पकाळ टिकलेल्या जलद ठोक्यांच्या दोन मालिका, एट्रियल फिब्रिलेशन आढळले नाही’ असे लिहिले आहे. म्हणजे वरच्या कप्प्यांतून अवेळी ठोके निघतात, पण ते कप्पे पूर्ण विस्कळीत होऊन थरथरत नाहीत. डॉक्टरांनी ठोके शांत करणाऱ्या मेटोप्रोलॉलची छोटी मात्रा सुरू केली आहे आणि काही आठवडे थांबण्यास सांगितले आहे.

घरात दोन तट पडले आहेत. मेहुण्यांच्या मते छत्री नीट बसलेली नाही. सासूबाईंचे म्हणणे, ४४ वर्षे काही झाले नव्हते तर हात लावलाच कशाला. डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे, पण त्यांना पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ नसतो. हे छत्रीमुळे होते की छिद्र इतकी वर्षे उघडे राहिल्यामुळे, आणि किती दिवस वाट पाहावी, हे ज्यांनी अनुभवले आहे त्यांनी कृपया सांगावे.

वाईकर_काकू
माझ्या धाकट्या जावेला अशीच छत्री बसवली आहे. पहिले दोन-अडीच महिने तिलाही असेच होत असे, पुढे आपोआप थांबले. वहिनींना धीर द्या. रात्री त्रास जास्त जाणवतो, कारण दिवसभराच्या कामात लक्ष जात नाही.

कंदी_पेढा (सातारा)
मेहुणे आणि सासूबाई या दोन तटांमध्ये उभे असलेल्या जावयाचेच ठोके चुकायला हवे होते. ते नियमित पडत आहेत ना, हे आधी कळवावे.

डॉ_सह्याद्री
धागाकर्त्यांचा प्रश्न नेमका आहे. मी हृदयरोगाच्याच क्षेत्रात आहे, मात्र रुग्णाला न पाहता सल्ला देता येत नाही, त्यामुळे पुढील मजकूर केवळ समजून घेण्यासाठी वाचावा.

उत्तर ‘दोन्ही’ असे आहे, पण त्यांचे काळ वेगळे असतात. छत्री म्हणजे नायटिनॉल या निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या तारांच्या दोन चकत्या. एक पडद्याच्या डाव्या बाजूला, दुसरी उजव्या बाजूला, आणि मध्ये छिद्रात बसणारी कंबर. त्या चकत्यांच्या कडा वरच्या कप्प्यांच्या स्नायूला टेकतात. पहिल्या काही आठवड्यांत तिथे थोडी सूज असते, धातू परका असतो, आणि त्या भागातून अवेळी ठोके निघतात. तीन ते सहा महिन्यांत छत्रीवर शरीराचे स्वतःचे अस्तर चढते. त्या काळात हा चिडचिडेपणा बहुतेकांमध्ये उतरतो. हा छत्रीचा वाटा.

छिद्राचा वाटा जुना आहे. डावीकडचे जास्तीचे रक्त चाळीस वर्षे उजव्या कप्प्यात येत राहिले की तो कप्पा ताणून मोठा होतो आणि त्याच्या भिंतीत जागोजागी तंतू तयार होतात. पाटाला घूस लागली की पाणी जसे भलत्याच सरीत शिरते, तशी विद्युतलहर या तंतूंना वळसा घालून भलत्या वाटेने फिरू लागते. त्यातून एट्रियल फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्याचे अतिजलद पण एकसारखे फडफडणे, आणि फिब्रिलेशन होतात. छत्रीने रक्ताचा उलटा मार्ग बंद होतो, कप्पा बराचसा आकसतो, पण तयार झालेले तंतू जात नाहीत. म्हणूनच चाळिशीनंतर छिद्र बंद केलेल्यांमध्ये पुढेही ही शक्यता लहान वयात बंद केलेल्यांपेक्षा जास्त राहते.

‘हात लावलाच कशाला’ याचे उत्तरही यातच आहे. छिद्र उघडे ठेवले असते तर कप्पा ताणत राहिला असता आणि हाच त्रास पन्नाशी-साठीत अधिक जोराने आला असता, शिवाय उजव्या बाजूचा थकवा आणि फुप्फुसांच्या रक्तवाहिन्यांतला वाढता दाब वेगळाच. सासूबाईंना हे शांतपणे सांगता येईल.

तासगावकर
डॉक्टरसाहेबांनी सांगितले ते वरच्या कप्प्यांच्या पडद्याबद्दल आहे. सगळी छिद्रे सारखी समजू नयेत, म्हणून आमच्या मुलाची गोष्ट लिहितो.

त्याला खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र होते, व्हीएसडी. कॅथेटरनेच बंद केले. तिसऱ्या दिवशी तपासणीच्या ईसीजीत ‘हार्ट ब्लॉक’ निघाला. मुलगा खेळत होता, हसत होता, आणि नाडी मात्र पन्नासच्या आत. आम्हाला वाटले मुलगा शांत झाला आहे, म्हणून नाडी मंद आहे. मग कळले की वरच्या कप्प्यांचे संदेश खाली पोहोचतच नव्हते. तात्पुरता पेसमेकर, स्टेरॉइड, अतिदक्षता विभाग, सगळे झाले. सुदैवाने संदेशाचा रस्ता पुन्हा खुला झाला आणि कायमचा पेसमेकर टळला. आज तो शाळेच्या कबड्डी संघात आहे, पण दरवर्षी ईसीजी आणि होल्टर चुकवत नाही, कारण हा ब्लॉक उशिराही परतू शकतो असे आम्हाला बजावून सांगितले आहे.

डॉ_सह्याद्री
तासगावकर, हा फरक इथे येणे फार आवश्यक होते. पडद्याच्या वरच्या पातळ भागापाशी असलेल्या ज्या व्हीएसडीला पेरिमेम्ब्रेनस म्हणतात, त्याच्या मागच्या-खालच्या कडेलगतच हिसचा जुडगा, म्हणजे विद्युतसंदेश नेणाऱ्या तंतूंचा पट्टा, जातो. विल्हेल्म हिस यांनी १८९३ मध्ये या जुडग्याचे वर्णन केले आणि सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये त्याच्या वरच्या टोकाची एव्ही गाठ शोधली. विद्युतसंदेश खाली नेणारा एवढाच एक रस्ता आहे. तिथे धातूची कड दाबली गेली किंवा सूज आली की रस्ता बंद. पहिल्या पिढीच्या ताठ छत्र्यांमध्ये हे अधिक घडले, म्हणून पुढे मऊ आणि कमी दाब देणाऱ्या रचना आल्या. शस्त्रक्रियेने टाके घालूनही हा धोका शून्य होत नाही, कारण रस्ता तिथेच असतो.

एएसडीची छत्री या रस्त्यापासून तुलनेने दूर असते, म्हणून तिथे ब्लॉक विरळा. लहान मुलाच्या छोट्या पडद्यावर मोठी छत्री बसली असेल तर मात्र लक्ष ठेवावे लागते.

रेषावाला (मिरज)
मी मिरजेत ईसीजी आणि होल्टर लावण्याचे काम करतो. अहवालाचा अर्थ सांगणे माझे काम नाही, पण अहवाल चांगला येण्यासाठी रुग्णाच्या हातात काय असते ते सांगू शकतो.

होल्टरसोबत आम्ही एक कागद देतो. त्यावर कोणत्या वेळी काय जाणवले ते लिहायचे असते. दहापैकी नऊ कागद कोरे परत येतात. एका मावशींनी मात्र नातवाच्या वहीच्या पानावर लिहून आणले होते : ‘संध्याकाळी भाकऱ्या, काही नाही. जेवण झाल्यावर भांडी घासताना दोनदा गचका. झोपताना फडफड, पाणी प्यायले, थांबली.’ त्यातला ‘भाकऱ्या’ हा शब्द सोन्याचा निघाला, कारण नेमक्या त्या वेळेला रेषेवर एकसारखे उंच फटकारे होते आणि यंत्राने ते जलद ठोके म्हणून मोजले होते. पिठावर पडणाऱ्या थापांनी छातीवरच्या वायरी हलत होत्या. दात घासतानाही असेच होते. कागद नसता तर कोणी तरी घाबरले असते.

म्हणून वहिनींना सांगा, पुढचे होल्टर लावाल तेव्हा वेळ घालून लिहावे. उन्हाळ्यात घामाने चिकटपट्ट्या सुटतात, तेव्हा शक्य असेल तर थंडी सरण्याच्या आत लावून घ्यावे.

मी_फलटणची
माझा अनुभव वेगळ्या छिद्राचा आहे. छत्तिसाव्या वर्षी मला पक्षाघाताचा सौम्य झटका आला. सगळ्या तपासण्या झाल्यावर पीएफओ सापडला, म्हणजे जन्माआधी सगळ्यांनाच असणारी आणि सुमारे चारांपैकी एका माणसात पुढे पूर्ण न मिटणारी झडप. ती छत्रीने बंद केली. तिसऱ्या आठवड्यात फिब्रिलेशन झाले. शॉक द्यावा लागला नाही, औषधाने ठोका सुरळीत झाला, पण रक्त पातळ करणारी गोळी काही महिने वाढवली.

त्या काळात मला सर्वांत जास्त त्रास झाला तो ‘पक्षाघात टाळण्यासाठी छिद्र बंद केले आणि पक्षाघाताचे दुसरे कारण, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या करू शकणारे फिब्रिलेशन, घरात आणले’ या विचाराचा. हा विचार कितपत खरा आहे?

डॉ_सह्याद्री
अर्धा खरा आहे, आणि त्याचे आकडे उपलब्ध आहेत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्लोज या चाचणीत पीएफओ बंद केलेल्या गटात फिब्रिलेशन ४.६ टक्के लोकांना झाले आणि केवळ गोळ्या घेणाऱ्यांत ०.९ टक्के. त्याच वर्षीच्या रिड्यूस चाचणीत छत्रीच्या गटात हे प्रमाण ६.६ टक्के होते. म्हणजे छत्रीने फिब्रिलेशन वाढते हे निःसंशय. पण त्यातले बहुतेक पहिल्या महिना-दीड महिन्यात होते, पुष्कळदा थोडक्यात आटोपते, आणि त्याच दोन्ही चाचण्यांत छत्री बसवलेल्यांना पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण कमी निघाले. त्यामुळे हिशेब एकूण नफ्याचाच राहिला. मात्र हा नफा निवडक रुग्णांचा आहे. पीएफओ सापडला म्हणून प्रत्येकाने तो बंद करून घ्यावा असा त्याचा अर्थ नाही.

आष्ट्याचा_मास्तर
थोडे अवांतर होईल, पण विषयाला धरूनच आहे. आमच्या शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक दरवर्षी येते. हा कार्यक्रम २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. आमच्या तिसरीतल्या एका मुलीच्या छातीवर आवाज ऐकू येतो म्हणून तिला जिल्हा रुग्णालयात पाठवले, तिथून इको, आणि पुढे छत्री विनाखर्च बसली. वडील ऊसतोडणीवर, आई घरी. पालकांना पटवण्यातच निम्मे वर्ष गेले, कारण ‘पोरगी धावते, मग आजारी कशी’ हा त्यांचा प्रश्न होता.

कोयनाकाठ यांच्या पत्नीसारख्यांना चव्वेचाळिसाव्या वर्षी कळते, कारण त्यांच्या लहानपणी छातीला नळी लावणारे कोणी शाळेत येत नव्हते. आज ज्यांच्या घरात शाळकरी मुले आहेत त्यांनी तपासणीच्या दिवशी मूल गैरहजर ठेवू नये, एवढीच विनंती.

वाईकर_काकू
मास्तर, बरोबर. आमच्या वेळी वजन आणि दात पाहिले की तपासणी झाली.

बागणीकर
मला हे सगळे परदेशी धातूचे खूळ वाटते. अर्जुनाच्या सालीचा काढा घेतला असता तर ठोके सुरळीत राहिले असते. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या घेतात.

औषधवाला_विटा
बागणीकर, काढ्याने पडद्यातले २२ मिलिमीटरचे छिद्र मिटत नाही, एवढे तरी मान्य करावे. छत्रीनंतर साधारण सहा महिने ॲस्पिरिन आणि सुरुवातीला त्यासोबत बहुधा क्लोपिडोग्रेल सुरू असते. त्या काळात कोणताही काढा डॉक्टरांना न सांगता घेऊ नये, कारण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत कशाचा काय परिणाम होईल हे घरी बसून कळत नाही.

दुकानात वारंवार दिसणारी एक गोष्ट सांगतो. छातीत फडफड झाली की माणूस जवळच्या दवाखान्यात जातो, तिथे ‘गॅस’ म्हणून ओमेप्रॅझोल मिळते. ओमेप्रॅझोल आणि एसोमेप्रॅझोल यांमुळे क्लोपिडोग्रेलचा परिणाम घटतो. पोटाची गोळी लागतेच असेल तर पँटोप्रॅझोल अधिक बरे पडते, पण बदल डॉक्टरांकडूनच करून घ्यावा. आमच्या एका नात्यातल्या बाईंना तर महिनाभर गॅसच्याच गोळ्या चालू होत्या. कोणी ईसीजी काढलाच नाही. शेवटी फ्लटर निघाले.

कंदी_पेढा (सातारा)
साताऱ्यात कोणत्याही दुखण्याचे पहिले निदान गॅस आणि दुसरे निदान ‘पुण्याला दाखवा’ हेच असते. आता गंभीरपणे विचारतो. हातातल्या घड्याळात ठोके दिसतात, त्यावर विश्वास ठेवावा का? माझ्या वडिलांना मी ते दिले आणि आता ते दिवसातून पन्नास वेळा त्यात पाहतात.

रेषावाला (मिरज)
घड्याळांचे दोन प्रकार आहेत. काही केवळ हिरव्या प्रकाशाने मनगटातल्या रक्ताचा प्रवाह मोजतात. ती नाडीचा वेग सांगतात, पण अवेळी ठोका बारीक असेल तर तो मोजतच नाहीत. काहींमध्ये दुसऱ्या हाताचे बोट कडेला ठेवून तीस सेकंदांची एका वायरीची ईसीजी रेषा निघते. फडफड चालू असतानाच ती काढून जपून ठेवली तर डॉक्टरांना खरोखर उपयोग होतो. पन्नास वेळा पाहण्याने मात्र केवळ वडिलांची नाडी वाढेल.

घड्याळ नसेल तर अंगठ्याच्या मुळाशी तीन बोटे ठेवून पूर्ण एक मिनीट मोजावे. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे फसवते, कारण ठोके अनियमित असतात.

डॉ_सह्याद्री
ठोका ‘चुकतो’ असे वाटते तेव्हा प्रत्यक्षात तो लवकर पडलेला असतो. हृदय पुरते भरण्याआधीच तो पडतो, म्हणून मनगटाशी जाणवत नाही. त्यानंतर थोडा विराम येतो, त्या विरामात हृदय जास्त भरते आणि पुढचा ठोका जोरात आदळतो. रुग्णाला जाणवतो तो हा आदळणारा ठोका, आणि तो निरोगी ठोका असतो. कोयनाकाठ यांच्या पत्नीला हे समजले तर रात्रीची भीती थोडी कमी होईल.

थांबून पाहणे कधी योग्य नाही, हेही लिहून ठेवतो. ठोक्यांसोबत चक्कर येऊन शुद्ध हरपली, विश्रांतीत असूनही नाडी दीडशेच्या वर टिकून राहिली किंवा चाळीसच्या खाली गेली, बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, किंवा छातीत नव्याने दुखू लागून दम कोंडला, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. यातल्या शेवटच्या लक्षणात लगेच इको करावा लागतो, कारण छत्रीची कड कप्प्याच्या भिंतीला घासून हृदयाभोवती रक्त साचणे ही विरळा पण खरी घटना आहे. छत्री जागेवरून सरकली तरी ठोके बिघडतात, तेही इकोतच दिसते.

त्याखेरीज थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम तपासले आहे का? दोष छत्रीवर टाकला जातो आणि थायरॉइड मागे लपून राहतो, असे अनेकदा होते. मिश्रीची सवय असेल तर तीही सोडावी. तंबाखू दातांना लावली तरी रक्तातच जाते.

कोयनाकाठ (कराड)
सर्वांचे मनापासून आभार. मिश्री पत्नीला नाही, सासूबाईंना आहे, आणि ते वाक्य मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवले नाही.

काल पुन्हा दाखवून आलो. इकोमध्ये छत्री जागेवर आहे, कडेने गळती नाही, उजवा कप्पा आधीपेक्षा लहान झाला आहे. मेहुणे सोबत होते, त्यांनी पडद्यावर दोन्ही चकत्या स्वतः पाहिल्या आणि परतीच्या वाटेवर खंबाटकी ओलांडेपर्यंत काही बोलले नाहीत. हिमोग्लोबिन ९.२ निघाले, त्याची गोळी सुरू झाली. मेटोप्रोलॉल तसेच ठेवले आहे. पुढचे होल्टर पाडव्याच्या सुमारास.

एक शंका राहिली. डॉक्टरांनी सहज विचारले, माहेरी कोणाला पेसमेकर आहे का. पत्नीच्या थोरल्या चुलत्यांना होता. त्याचा या छिद्राशी काय संबंध?

तासगावकर
आम्हालाही हाच प्रश्न विचारला होता. तेव्हा वाटले कागद भरण्यापुरता आहे.

डॉ_सह्याद्री
तो कागद भरण्यापुरता नसतो. बहुतेक एएसडी एकटेच येतात, पण काही मोजक्या घराण्यांत एनकेएक्स२-५ या जनुकातला दोष पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि त्यात पडद्याचे छिद्र आणि एव्ही ब्लॉक (तासगावकरांनी सांगितलेला हार्ट ब्लॉक) जोडीने दिसतात. हा संबंध १९९८ मध्ये उघड झाला. अशा व्यक्तीत छिद्र उत्तम बंद झाले तरी संदेशाचा रस्ता वयानुसार मंदावत जाऊ शकतो, आणि तिथे दोष ना छत्रीचा असतो ना डॉक्टरचा. साध्या ईसीजीवर ‘पीआर’ हे अंतर, म्हणजे वरच्या कप्प्यांतून खाली संदेश पोहोचायला लागणारा वेळ, लांबलेले दिसते का, ते आधी पाहतात. चुलत्यांना सत्तरीत पेसमेकर बसला असेल तर ते बहुधा वयामुळे, तिशी-चाळिशीत बसला असेल तर ते आवर्जून सांगावे.

आणखी एक बाब पुढच्या भेटीत विचारून घ्यावी. पुढे कधी फिब्रिलेशन वारंवार झालेच आणि डाव्या कप्प्यात अब्लेशन (चुकीचे ठोके निघणारी जागा कॅथेटरने निकामी करणे) करायची वेळ आली, तर सुई पडद्यातूनच पलीकडे न्यावी लागते आणि तिथे आता छत्री आहे. अनुभवी हातांना ते जमते, पण अवघड असते. म्हणूनच ज्यांना आधीपासून फिब्रिलेशन आहे त्यांचा ठोक्यांचा विचार छत्री बसवण्यापूर्वी करतात. नेहमीच्या प्रकारचे फ्लटर उजव्या कप्प्यात असते, त्याला ही अडचण येत नाही.

कोयनाकाठ (कराड)
चुलत्यांना पेसमेकर बसला तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते, असे सासूबाई सांगतात. पत्नीच्या ईसीजीवर पीआर १७० मिलिसेकंद लिहिले आहे. आमची मुलगी अकरावीत आहे. तिचाही इको करून घ्यावा का?

डॉ_सह्याद्री
१७० सामान्य आहे, २०० च्या वर गेले असते तर लांबलेले म्हटले असते. मुलीचा इको आणि ईसीजी एकदा करून घ्यावा. आईला एएसडी असल्यास मुलांमध्ये जन्मजात हृदयदोषाचे प्रमाण इतरांपेक्षा काहीसे जास्त असते आणि तपासणीने इजा होत नाही. परीक्षा संपल्यावर केला तरी चालेल.

वाईकर_काकू
आणि वहिनींनी सहा महिने दाताचे काम काढायचे असेल तर आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारावे, जंतुसंसर्ग टाळण्यासाठी प्रतिजैविक द्यावे लागते. आमच्या जावेने दाढ काढायला नेमके याच काळात जायचे ठरवले होते, दंतवैद्यांनीच परत पाठवले.